एकोणीस नंबरची रुई

१

रविवारी सकाळी सातला निकिता टोपी घालून मागच्या मोकळ्या प्लॉटात शिरली, की मंगलाबाई चहाचा कप घेऊन आपल्या मागच्या ओट्यावर येऊन बसत. टीव्ही घरोघर होता. पण मखमलाबाद रोडच्या त्या अकरा रो-हाउसच्या ओळीत यापेक्षा करमणुकीचा कार्यक्रम दुसरा नव्हता.

तिशी ओलांडलेली, चांगली इंजिनियर झालेली बाई. पायात गुडघ्याएवढे बूट, गळ्यात भिंग, हातात वही. आणि करायचं काय, तर रुईची झुडपं तपासायची! प्लॉटात एकेचाळीस झुडपं होती. कुणी लावलेली नव्हती. रुई कुणी लावत नसतं, ती उकिरड्यावर आपसूक येते. त्या एकेचाळीस बुंध्यांना निकितानं तारेनं पत्र्याचे बिल्ले बांधले होते आणि प्रत्येकावर नंबर ठोकला होता. दर रविवारी ती एकेक पान उलटं करून बघायची. अंडी किती, अळ्या किती, कोष किती. ते आधी वहीत, वहीतून मोबाइलमध्ये, आणि मोबाइलमधून पुढं कुठं जायचं ते देव जाणे.

"पगार किती मिळतो गं याचा?" मंगलाबाईंनी पहिल्याच आठवड्यात कुंपणावरून विचारलं होतं.

"पगार नाही काकू, स्वयंसेवक आहोत आम्ही. नाशकात तेवीस जण आहेत."

"म्हणजे फुकट."

"फुकटच!"

रिकामा न्हावी कुडाला तुंबड्या लावी, असं मंगलाबाई तेव्हा मनात म्हणाल्या, आणि संध्याकाळपर्यंत अकराही घरांत मोठ्यानं म्हणून आल्या.

निकिताला मात्र कुणी विचारलं याचाच आनंद. केशरी पंखांचं, काळ्या काठाचं ते फुलपाखरू रुईवर अंडी घालतं. अळी रुईच खाते, तिचा चीक अंगात मुरवून कडू होते, म्हणून पक्षी तिला तोंड लावत नाहीत. "बिबळ्या कडवा म्हणतात याला. आणि काकू, अमेरिकेत याची एक मावसबहीण आहे. ती हजारो मैल उडत जाते. तिथंही लोक असेच झाडं मोजत हिंडतात. सगळे हौशी."

"तिकडंही रिकामटेकडे आहेत म्हणायचे," मंगलाबाई म्हणाल्या. "मला वाटायचं, तिथं लोकांना कामं असतात."

खटका उडाला तो एका शनिवारी. मारुतीच्या माळेसाठी मंगलाबाई वीस वर्षं याच प्लॉटातून रुईची पानं तोडत आल्या होत्या. त्या दिवशी निकिता धावत आली. "काकू, सात नंबरची नका तोडू ना. पानाखाली अंडी आहेत. दुसरीकडची तोडा, मी दाखवते कुठली."

"मारुतीची माळ मी तुला विचारून करू?"

"तसं नाही काकू, बघून तोडा एवढंच म्हणतेय."

"माझ्या लेकीएवढी तू. मला बघायला शिकवतेस?"

त्या दिवसापासून मंगलाबाईंच्या तोंडी तिचं नाव अळीवाली पडलं, आणि या पोरीला जन्मात परत काही विचारायचं नाही, असं त्यांनी पानं खुडता खुडता ठरवून टाकलं.

२

मंगलाबाई नववीपर्यंत शिकलेल्या, पण माणसं वाचण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता. कुणाच्या घरी दूध उतू गेलं, कुणाच्या घरी अबोला चाललाय, हे त्यांना त्या त्या घराआधी कळे. पुढच्या दाराची बेल त्यांनी कधी वाजवली नाही. पुढच्या दारानं पाहुणे येतात, मागच्या दारानं माणसं येतात, असं त्यांचं म्हणणं. सकाळी कुणी ओट्याशी पोळ्या लाटत असावं, मान वळवावी, तर मागं मंगलाबाई उभ्या. हातात झाकलेली वाटी. "चव बघ गं." वाटी ठेवत, डबे बघत, फ्रीज उघडून बंद करत आणि जात. लोक वैतागत. पण त्याच लोकांकडं कुणी आजारी पडलं, तर पहिली पेज मंगलाबाईंच्या घरून यायची.

शेजारच्या रंगनाथला त्यांनी अशी पेज दोनदा पोचवली होती. रंगनाथ सिन्नरच्या एका कारखान्यात होता. साडेसहाला कंपनीची बस, संध्याकाळी सहाला परत. पहिली बायको काविळीनं गेली. दुसरी साध्या तापानं, चार दिवसांत. दोन्ही वेळा तेरा दिवसांचा स्वैपाक मंगलाबाईंनी केला. आता तो चव्वेचाळीसचा झाला होता, कुकरमधून थेट जेवत होता, आणि ते त्यांना बघवेना. म्हणून तिसरं स्थळ त्यांनीच आणलं. चांदवडची संध्या, त्यांच्या मावसबहिणीची मुलगी, छत्तिशीची. बापाची सेवा करता करता लग्नाचं वय निघून गेलेलं. हसरी, कामाला वाघीण.

"तुझ्या शब्दावर देते हां मंगल," मावसबहीण फोनवर म्हणाली. "दोन गेल्यात त्या घरात. मला दुसरी लेक नाही."

"माझ्या डोळ्यांसमोर राहील ती. भिंतीला भिंत आहे आमची."

फोन ठेवून मंगलाबाईंनी देवापुढं दिवा लावला. शब्द देऊन बसल्या खऱ्या. पण दोन बायका गेलेल्या पुरुषाची तिसरी टिकत नाही, हे त्यांनी आईच्या तोंडून ऐकलेलं होतं. त्यावर उपायही आईच्याच तोंडचा. आधी त्याचं लग्न रुईशी लावायचं. तिसरीवर जे यायचं ते रुईवर जातं, आणि माणसाची पोर चौथी म्हणून सुखानं घरात येते.

"ताई, कंपनीत कळलं तर हसतील हो मला," रंगनाथ म्हणाला.

"तुळशीचं लग्न लावलं तेव्हा कोण हसलं? अकरा घरं जेवून गेली माझ्याकडं. तू तर तीन लाडू खाल्लेस."

दोन बायका पोचवून आलेल्या या माणसाला अजून हसण्याची पडली होती. मंगलाबाईंनी त्याच्याकडं, गळणाऱ्या नळाकडं बघतात तसं बघितलं. विषय संपला.

३

शुक्रवारी दहाला गुरुजी आले. त्यांना साडेअकराला दुसरीकडं वास्तुशांत होती आणि दर दोन मिनिटांनी खिशात फोन थरथरत होता. असल्या घाईच्या भटजीकडून काय पुण्य मिळायचं, असं मंगलाबाईंना वाटलं. पण दुसरा कुणी यायला तयार नव्हता.

झुडूप त्यांनीच निवडलं. बाईच्या उंचीचं, जांभळट पांढऱ्या फुलांनी भरलेलं. बुंध्याला बिल्ला होता. त्यावरचा आकडा वाचण्याची त्यांना गरज वाटली नाही. अळीवालीचे आकडे अळीवालीला. त्यांनी घरून नवी पिवळी सुती साडी आणली होती, ती झुडपाला गुंडाळली. नुसती गुंडाळायची होती, पण हाताला सवय. निऱ्या आपसूक पडल्या आणि पदरही बसला. बसला तो इतका नीट, की त्या दोन पावलं मागं सरल्या.

हळद झाली, कुंकू झालं. काळी पोत बांधताना रंगनाथनं हात झटकला.

"काय झालं रे?"

"गरम लागलं, ताई."

"उन्हातलं झाड आहे, गरम लागणारच. बांध."

नोव्हेंबर होता, आणि प्लॉटावर अजून पलीकडच्या इमारतीची सावली होती. हे मंगलाबाईंच्या लक्षात आलं ते घरी गेल्यावर, भाजी चिरताना. मग त्यांनी आणखी जोरात चिरली.

जाताना गुरुजी म्हणाले, "आजचा एक धरून चौथ्या दिवशी हिला मुळासकट काढा आणि वाहत्या पाण्यात सोडा. तोवर कुणी हात लावू नये. आणि विसरू नका."

"विसरलं तर?"

गुरुजींनी एवढ्या वेळात पहिल्यांदा फोन बंद केला. "विसरू नका," म्हणाले आणि स्कूटरला किक मारली.

४

चौथा दिवस सोमवार. पहाटेच्या धुक्यात मंगलाबाई आणि कुदळ घेतलेला रंगनाथ प्लॉटात आले, तर साडी नाही. पोत नाही, हळद नाही. एकेचाळीस झुडपं स्वच्छ, शहाण्या पोरांसारखी उभी.

काल रविवार होता. मंगलाबाईंचं डोकं सणकलं. हे त्या अळीवालीचंच काम.

तिचं घर ओळीच्या टोकाला, चाळीस पावलांवर. खिडकीत दिवासुद्धा लागला होता. जाऊन एक वाक्य विचारायचं होतं, साडी कुठल्या झाडाची काढलीस? पण ते विचारलं की ती विचारणार, साडी कशाला होती? मग चष्मा वर करून हसणार, आणि मोबाइलवरून तेवीस जणांना सांगणार. तिला विचारण्यापेक्षा त्या विहिरीत उतरल्या असत्या.

"कोपऱ्यातल्या निंबापासून तिसरं होतं," त्या म्हणाल्या.

"मला चौथं वाटतंय, ताई."

"तुला काय वाटतं ते राहू दे. तू त्या दिवशी जमिनीकडं बघत होतास, नव्या नवरीसारखा."

तिसऱ्यावरही फुलं होती. उंची तीच. रंगनाथनं अर्धा तास कुदळ चालवली. मूळ चिवट निघालं. बिल्ला त्यानं गटारीत भिरकावला.

"हीच ना, नक्की?"

"हीच."

गोदावरीत झुडूप सोडलं तेव्हा ते उताणं होऊन चार फेऱ्या फिरलं आणि गेलं. मंगलाबाईंनी हात जोडले, हात धुतले, आणि घरी येऊन पोटभर पोहे खाल्ले.

५

डिसेंबरात लग्न झालं. संध्या आली आणि आठ दिवसांत त्या घराचा वास बदलला. कुकरचा आणि ओल्या टॉवेलचा जाऊन फोडणीचा, साबणाचा झाला. रंगनाथ डबा न्यायला लागला. एकदा तर तो शीळ घालत बसकडं गेला. मंगलाबाई ओळीत ताठ मानेनं हिंडत. पोर त्यांच्या शब्दावर आली होती, आणि शब्द फळला होता.

एके दुपारी संध्या लसूण सोलत म्हणाली, "मावशी, सकाळी आल्या अन् न बोलताच गेल्या?"

"मी? कधी?"

"म्या पोळ्या लाटत व्हते. तुमी दारात उभ्या. या, बसा म्हनलं, तर नुसती मान हलवली. वळून बघते तर नाय."

"सकाळी मी मारुतीला होते गं."

"मंग काल असन." संध्या हसायला लागली. "तुमच्याबिगर मागल्या दारानं हाक न मारता येतंय कोन?"

मंगलाबाईही हसल्या. त्यात खोटं काय होतं? सगळी ओळ हेच म्हणायची. घरी येऊन त्यांनी दळण काढलं, आणि पीठ चाळता चाळता त्यांचा हात थांबला. काल दिवसभर त्या सिन्नरला, लेकीकडं होत्या.

मग त्यांनी स्वतःला समजावलं. नवी जागा, थंडीची सकाळ, गॅसची वाफ. चांदवडच्या मळ्यात वाढलेली पोर; चार भिंतींत असं होतं.

आठवड्यानं संध्यानं तक्रार केली, तीही लाडानंच. "मावशी, तुमच्यासाठी चहा गाळून ठेवते. पिता, अन् कप तसाच ठेवून जाता. तळाला काय चिकटतंय त्यात? घासून निघत नाय."

कप मंगलाबाईंनी हातात घेतला. तळाला पांढरं कडं होतं, साय वाळल्यासारखं. नखानं खरवडलं, नख चिकटलं. वास घ्यायची गरज पडली नाही. वीस वर्षं शनिवारी पानं तोडल्यावर बोटांना हाच वास यायचा.

"दूध नासलं असेल," त्या म्हणाल्या. "डेअरी बदल."

६

जानेवारीच्या पहिल्या रविवारी निकिता आपण होऊन कुंपणाशी आली. चेहरा फुललेला.

"काकू, रागावला आहात माहितीय. पण एक गंमत सांगू? अळ्या कोष करायला लांब लांब जातात. भिंतीवर, गवतावर, कुठंही. यंदा सगळ्या एकाच झाडावर गेल्या! चौदा कोष, एका ओळीत. आमच्या ग्रुपमध्ये कुणी असं पाहिलेलं नाही."

"मग पेढे वाट."

"पण फुटत नाहीयेत. आठ-दहा दिवसांत फुलपाखरू बाहेर यायला हवं. महिना झाला, तसेच आहेत. काल एक उघडून बघितला." तिचा आवाज खाली आला. "आत काही नव्हतं. नुसता चीक. ऊन ऊन."

मंगलाबाई कप ओट्यावर ठेवून आपसूक कुंपणाशी गेल्या. दहा हातांवर ते झुडूप होतं. फांदीखाली हिरवट, मेणासारखे कोष लटकत होते आणि प्रत्येकाला कमरेशी काळ्या-सोनेरी मण्यांचा बारीक पट्टा. उन्हात सगळे पट्टे एका रेषेत आले की गळ्यात घातलेल्या पोतीसारखे दिसत.

"आणि हेच ते झाड काकू, ज्याला कुणीतरी साडी नेसवली होती! दिवाळीनंतर. हळद फासलेली, दोरे बांधलेले. कोण अडाणी करतं हे? मी सगळं काढलं, दोन बादल्या पाण्यानं पान न् पान धुतलं. साडी घंटागाडीत दिली. त्याच आठवड्यात शेजारचं वीस नंबर कुणी मुळापासून उपटून नेलं. मोजणीत चाळीसच लिहावी लागतात आता."

"हे कितवं?" मंगलाबाईंनी विचारलं. विचारायचं नाही असं ठरवलेल्या बाईला त्यांनी विचारलं, आणि त्यांना ते कळलंही नाही.

"एकोणीस."

चहा गार झाला. अडाणी म्हणाली तरी मंगलाबाईंना राग आला नाही, यावरून त्यांना आपण किती घाबरलोय ते समजलं. मग त्यांनी राग मुद्दाम आणला. झाड म्हणजे झाड! त्याला पाय फुटत नाहीत. घाईतला भटजी, शेळपट नवरा, कपातलं नासकं दूध. यातून भूत उभं करायला त्या काय निकिता होत्या, पानं उलटी करून काहीतरी सापडवणाऱ्या?

त्या रात्री झोप लागली नाही हे वेगळं.

७

संक्रांतीच्या आदल्या दिवसापासून संध्याचे डोळे चुरचुरायला लागले. मग लाल झाले, मग समोरचं धुकट दिसायला लागलं. डॉक्टरांनी पहिला प्रश्न केला, "रुईचा चीक गेलाय का डोळ्यात?"

"रुईला हातच लावला नाय मी," संध्या म्हणाली.

"कुणीतरी लावलाय," डॉक्टर म्हणाले. दोन्ही डोळ्यांवर कापसाच्या पट्ट्या बांधल्या आणि पाच दिवसांनी बोलावलं. मंगलाबाईंना त्याचा शहाणपणा आवडला नाही. पण औषधं त्यांनीच आणली.

"रजा काढ," त्यांनी रंगनाथला सांगितलं.

"ऑर्डर आहे ताई, सोडणार नाहीत. तुम्ही आहातच की. ती म्हणत होती, तुम्ही सकाळभर बसता तिच्यापाशी, वेणी घालता."

मंगलाबाईंनी त्या आठवड्यात तिच्या केसांना हात लावला नव्हता.

दुसऱ्या दिवशी साडेसहाला बस गेली आणि त्या शेजारच्या स्वैपाकघरात जाऊन बसल्या. मागच्या दाराची कडी आतून घातली. खिडकी लावली. आतल्या खोलीत संध्या पडून होती. तिची वेणी उशीवर होती. ओली, चापून घातलेली, टोकाला दोऱ्याऐवजी साल गुंडाळलेलं. ती वेणी मंगलाबाईंनी उलगडली नाही. धीर झाला नाही.

ओट्यासमोर प्लास्टिकच्या खुर्चीवर त्या बसून राहिल्या. फ्रीज घुरघुरला आणि थांबला. नळातून एक थेंब. मग एक. बाहेर घंटागाडीचं गाणं आलं आणि गेलं. सकाळचं ऊन खिडकीच्या काचेतून ओट्यावर उतरलं. सगळं कसं स्वच्छ, झगझगीत. भिण्यासारखं तिथं एक भांडंसुद्धा नव्हतं. मंगलाबाईंना आपलंच हसू आलं. पन्नाशी उलटलेली बाई दुसऱ्याच्या स्वैपाकघरात राखण करत बसलेली, आणि कशापासून, तर झुडपापासून! त्यांनी पदरानं तोंड पुसलं. एक शब्द त्या बोलल्या नव्हत्या, पहाटेपासून.

आतून संध्याची हाक आली, झोपेनं जड, समाधानी.

"मावशी, दोघी मिळून कवाच्या काय कुजबुजताय? मला बी सांगा की."

८

निकिताच्या पुढच्या दाराची बेल मंगलाबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा वाजवली. पायात चप्पल नव्हती.

"निकिता, ती साडी मी नेसवली होती. ते वीस नंबर मीच काढायला लावलं. चुकीचं काढलं. मला एकोणीस काढायचंय, आत्ता."

निकिता ब्रश हातात धरून उभी. "काकू, त्या झाडावर चार वर्षांची मोजणी आहे. कोष आहेत. असं उपटता नाही येणार. कशासाठी काढायचंय?"

"ते नको विचारूस."

"नाही पण—"

"हस मला. सगळ्यांना सांग. मारुतीला माळ घालणार नाही परत, सगळी पानं तुझ्या अळ्यांना. पण माझी पोर आहे त्या घरात. मी शब्द देऊन आणलीय तिला." मंगलाबाई वाकल्या. निकिताला आधी कळलंच नाही. मग कळलं तशी ती मागं सरली.

"काकू! पाया काय पडताय! चला, मी येते."

जाता जाता तिनं वही आणि गॅलरीतली कुदळ उचलली. ती हसली नाही, एकदाही. सतरा, अठरा असे बिल्ले ओलांडत त्या गेल्या. मग मोकळी जागा होती.

निकिता थांबली. मागं गेली, पुन्हा मोजत आली. "सोळा. सतरा. अठरा." मग वीस नंबरचा जुना खड्डा, त्यात पालापाचोळा. मग एकवीस. अठरा आणि खड्डा यांच्यामध्ये जमीन होती. कठीण, भेगाळलेली, वर वाळलं गवत. कुदळ कधी लागलेली नाही अशी. त्या गवतावर एकोणीस नंबरचा बिल्ला पडला होता, आणि त्याची तार बुंध्याएवढ्या गोल वेटोळ्यात. निकितानं ती उचलून बघितली. तारेचा पीळ सुटलेला नव्हता.

"काल संध्याकाळी होतं," ती म्हणाली. "काकू, काल मी फोटो काढलाय. काल होतं."

तिची वही उघडी होती आणि पेन वहीवर टेकलेलं. काय लिहायचं ते तिला सुचत नव्हतं.

तेवढ्यात रंगनाथच्या स्वैपाकघरातून ताटली ठेवल्याचा आवाज आला. मग संध्याचं हसू. मोठं, मोकळं, चांदवडच्या मळ्यातलं.

९

मंगलाबाई धावल्या. कडी त्यांनी स्वतः आतून घातली होती आणि पुढच्या दारानं बाहेर पडल्या होत्या. आता मागचं दार वीतभर उघडं होतं.

संध्या पाटावर बसली होती. डोळ्यांवर पट्ट्या, तोंड किंचित वर केलेलं, ओठ उघडे. दाराआडून एक हात पुढं आला होता, त्यात घास. बाईचाच हात, बांगड्या भरलेला. कातडीवर पांढुरकी मऊ लव होती, पानाच्या पाठीवर असते तशी. बांगडी जिथं घासत होती तिथं एक थेंब जमला होता, दुधासारखा. तो मोठा होत गेला आणि घासावर पडला.

संध्यानं घास घेतला.

"संध्या!"

"आं? कोन हाय दारात?"

"संध्या, थुंक ते. मी आहे, मावशी. ऊठ तिथनं, इकडं ये माझ्याकडं."

संध्यानं चावता चावता मान आवाजाकडं वळवली. तिला गंमत वाटली असावी. "मावशी तर हितं बसल्यात," ती म्हणाली.

दार लागलं. आपटलं नाही, घरातली बाई लावते तसं, हलकेच. कडी पडली. मंगलाबाईंनी दोन्ही मुठींनी ठोठावलं, नावानं हाका मारल्या, दाराला कान लावला. मागून निकिता कुदळ घेऊन पळत येत होती, आणि अकरापैकी दोन-तीन दारं उघडल्याचे आवाज आले.

आत संध्या विचारत होती, "कोन व्हतं वो?"

मग उत्तर आलं. आवाज मंगलाबाईंचा होता. कुणी आजारी पडलं, की पेज घेऊन उशाशी बसल्यावर लागायचा तो, मायेचा.

"कुणी नाही गं. तू जेव."